क्वेबेकहून निघालेल्या प्रश्नावलीस

प्रिय प्रश्नावली,



तुझा जन्म १९९४ चा, कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातला, आणि तुझी पहिली भाषा फ्रेंच. मार्क फ्रीस्टन, मिशेल दुगा, रोबेर लादुसर आणि त्यांचे सहकारी तेव्हा एका प्रश्नाच्या मागे लागले होते: काही माणसं सतत काळजी का करत राहतात? त्यांना उत्तर दिसलं ते असं, की या माणसांना संकटापेक्षा संकट येईल की नाही हे न कळणंच सोसवत नाही. हे न सोसवणं किती आहे ते मोजण्यासाठी तुझी २७ विधानं लिहिली गेली. प्रत्येक विधान आपल्याला किती लागू पडतं ते एक ते पाच आकड्यांत सांगायचं. बेरीज २७ पासून १३५ पर्यंत जाते. पुढे काळजीच्या विकारावरच्या उपचारांत तुझा फार उपयोग झाला. अनिश्चितता सहन करण्याची ताकद हळूहळू वाढवता येते, हा दिलासा अनेक रुग्णांना त्या संशोधनातूनच मिळाला.

आता तू चिनी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातात आहेस. तुझी चिनी रूपं झाली, त्यांच्यावर अभ्यास झाले, होत आहेत. मला याचा आनंद आहे, आणि काळजीही आहे. आनंद अशासाठी की चाचणीने एका समाजातून दुसऱ्या समाजात जाणं हे मोलाचं काम आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी घडवली, म्हणून आपल्याकडच्या मुलांना पॅरिसच्या मुलांसाठी बांधलेल्या प्रश्नांना सामोरं जावं लागलं नाही. काळजी कशाची, ते सविस्तर सांगते.

भाषांतराची रीत आता सगळ्यांना ठाऊक आहे. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० साली उलट-भाषांतराची पद्धत नीट मांडली: एकाने चिनीत आणायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मूळ भाषेत न्यायचं, मग दोन्ही मजकूर शेजारी ठेवून फरक शोधायचा. ही पायरी आवश्यक आहे, पण तिथेच थांबणारे अभ्यासक मला अपुरे वाटतात. उलट-भाषांतर तंतोतंत जुळलं तरी विद्यार्थी विधान वाचून कशाला होकार देतो आहे, हे कळत नाही. तुझ्यातली काही विधानं ‘मी’ने सुरू होतात, तर काही सर्वसामान्य माणसाने कसं वागावं ते सांगतात. अनपेक्षित काही घडू नये म्हणून माणसाने नेहमी पुढचा विचार करावा, अशा अर्थाचं एक विधान तुझ्यात आहे. चीनमधल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला हे घरी आणि शाळेत रोज शिकवलं जातं. तो ‘पाच’वर खूण करतो तेव्हा स्वतःच्या मनाची तक्रार सांगत असेल, किंवा चांगल्या मुलाने काय मानावं तेही सांगत असेल. तू मात्र दोन्ही वेळा सारखेच गुण मोजतेस. हे सुटायचं तर विद्यार्थ्याला शेजारी बसवून एकेक विधान मोठ्याने वाचायला लावावं, आणि खूण करताना त्याच्या मनात काय आलं ते विचारावं. हे काम वेळखाऊ आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचंही हेच आहे.

तुझी सगळी विधानं एकाच दिशेने जातात, होकार वाढला की गुण वाढतात, हाही एक धोका आहे. ज्याला होकार द्यायची सवय आहे त्याचे गुण त्या सवयीनेच चढतात. शिवाय खूण कुठे करायची याच्याही सवयी असतात. १९९५ साली चेन, ली आणि स्टीव्हनसन यांनी तैपेई, सेंदाई, मिनियापोलिस आणि कॅनडातल्या अल्बर्टा इथल्या विद्यार्थ्यांची उत्तरं ताडून पाहिली. चिनी आणि जपानी मुलं मधल्या आकड्याकडे अधिक झुकत होती, अमेरिकी मुलं टोकांकडे. फरक फार मोठे नव्हते, पण होते. म्हणून दोन देशांतल्या सरासरी शेजारी मांडून ‘हे अधिक घाबरट, ते अधिक धीट’ असं कुणी म्हणू लागलं, तर आधी त्यांनी दाखवावं की तुझा आकडा दोन्हीकडे एकच गोष्ट मोजतो.

आकार बदलावा लागला तर तू कमीपणा मानू नकोस. फ्रेंचमध्ये तुझ्यात पाच घटक दिसले होते. २००२ मध्ये क्रिस्टिन बूर आणि दुगा यांनी तुझं इंग्रजी रूप तपासलं, तेव्हा चार दिसले. २००७ मध्ये कार्ल्टन, नॉर्टन आणि ॲस्मंडसन यांनी तुला बारा विधानांवर आणलं आणि दोनच घटक ठेवले: सात विधानं पुढच्याची धास्ती मोजणारी, पाच अनिश्चिततेने हातपाय गळणं मोजणारी. चिनी विद्यार्थ्यांमध्ये एखादं विधान बसत नसेल तर ते गाळलं जावं, आणि एखादं नवं हवं असेल तर ते तिथल्याच मुलांच्या तोंडून यावं.

नवं काय यावं याचा विचार करताना मला त्या मुलांचं आयुष्य दिसतं. गाओकाओ ही विद्यापीठप्रवेशाची परीक्षा वर्षातून एकदा, जूनच्या ७ तारखेला सुरू होते. २०२४ मध्ये तिला १ कोटी ३४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नावं नोंदवली. परीक्षा कुठे देता येईल हे बरंचसं हुकोऊवर, म्हणजे कुटुंबाच्या सरकारी नोंदणीच्या ठिकाणावर अवलंबून असतं, आणि विद्यापीठांच्या जागा प्रांतवार वाटलेल्या असतात. आईबापांबरोबर शहरात वाढलेल्या मुलाला परीक्षेसाठी कधी न राहिलेल्या प्रांतात परतावं लागू शकतं. २०२० मध्ये साथीमुळे परीक्षाच महिनाभर पुढे गेली. पदवीनंतरचं चित्रही तसंच. जून २०२३ मध्ये १६ ते २४ वयोगटातली शहरी बेरोजगारी २१.३ टक्क्यांवर गेली, ऑगस्टमध्ये हा आकडा जाहीर करणं थांबवण्यात आलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये शिकणाऱ्यांना वगळून नव्या पद्धतीने तो पुन्हा येऊ लागला. अशा मुलाला भविष्य कळावंसं वाटतं, यात त्याच्या मनाचा दोष किती आणि परिस्थितीचा किती? तुझ्याकडे हे वेगळं करण्याचं साधन नाही. परिस्थिती खरोखर किती अनिश्चित आहे हे विचारणारे चार प्रश्न तुझ्या शेजारी ठेवले पाहिजेत, आणि तीच मुलं परीक्षेपासून दूरच्या महिन्यात पुन्हा मोजली पाहिजेत.

आणखी एक मोह टाळायला हवा. ‘चिनी माणूस बदल सहज पचवतो’ किंवा उलट ‘चिनी माणसाला शिस्त आणि खात्री हवी’ अशी ठोकळेबाज विधानं सहज सुचतात. ली-जुन जी, रिचर्ड निस्बेट आणि यानजिए सू यांच्या २००१ च्या अभ्यासात चिनी विद्यार्थ्यांनी अमेरिकी विद्यार्थ्यांपेक्षा अधिक वेळा असं धरलं, की आज वर जाणारी गोष्ट उद्या खाली येईल. हा शोध सुंदर आहे, पण बदल होणार हे मानणं आणि तो सोसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आणि चिनी भाषिक म्हणजे तरी कोण? देशोदेशींच्या संस्कृती सुरुवातीला चार मितींवर मोजणाऱ्या होफ्स्टेड यांच्या अनिश्चितता टाळण्याच्या निर्देशांकात चीनला ३०, हाँगकाँगला २९, सिंगापूरला ८ आणि तैवानला ६९ गुण आहेत. मायकेल बाँड यांनी चिनी अभ्यासकांकडूनच मूल्यांची यादी मागवून ४० मूल्यांची प्रश्नावली बनवली आणि २२ देशांतल्या विद्यार्थ्यांना दिली. १९८७ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा होफ्स्टेड यांच्या चारांपैकी तीन मितींशी जुळणारं काही ना काही सापडलं, अनिश्चितता टाळण्याशी मात्र काहीच जुळलं नाही. प्रश्न विचारणारा बदलला की काय महत्त्वाचं ठरतं तेही बदलतं. तैवानमधल्या तैपेईत तपासलेलं तुझं रूप नुसती लिपी बदलून चीनमधल्या चेंगदूत वापरू नये, ते याचसाठी.

शेवटचं आणि सर्वांत निकडीचं. मिनेसोटात घडलेली एमएमपीआय ही व्यक्तिमत्त्व चाचणी चीनमध्ये गेली, तेव्हा अमेरिकी मानकांवर मोजल्यावर निरोगी चिनी माणसांचेही नैराश्य आणि स्किझोफ्रेनियाच्या मापांवरचे गुण चढलेले दिसले. हाँगकाँगच्या फॅनी चेउंग आणि बीजिंगच्या सोंग वेइझेन यांनी चिनी मानकं तयार केली, म्हणून पुढच्या माणसांवरचा अन्याय टळला. पुढे चेउंग यांनी सहकाऱ्यांसह चिनी व्यक्तिमत्त्व चाचणी मुळापासून बांधली. त्यात माणसामाणसांतला सलोखा, देणंघेणं आणि अब्रू यांना जागा मिळाली, आणि पाश्चात्त्य चाचण्यांत न दिसणारा एक घटक हाती लागला.

चीनमधल्या विद्यापीठांत नव्या विद्यार्थ्यांची मानसिक तपासणी प्रश्नावल्यांनी करण्याचा प्रघात आहे. तिथे तुझा आकडा कुणाचं नाव यादीत घालू शकतो. म्हणून तुला वापरणाऱ्यांना माझी विनंती आहे: कॅनडातली सरासरी आणि कॅनडातली धोक्याची रेषा या मुलांना लावू नका. ज्या शहरात, ज्या वयात, ज्या लिपीत प्रश्नावली वाटणार, तिथली मानकं आधी तयार करा. आणि कुणाचे गुण जास्त आले तर नोंद करण्याआधी त्या मुलाला किंवा मुलीला बोलावून विचारा, की नेमकी कशाची काळजी वाटते.

तुझी हितचिंतक,
मानसशास्त्राची एक विद्यार्थिनी