विरजणावांचून

आमच्या घरांत मद्याचा थेंबही शिरत नाहीं, हें आधींच सांगून टाकतों. नाहींपेक्षां पुढील मजकूर वाचून वडील मंडळी दचकावयाची. गेल्या हिवाळ्यांत, घरीं गांवच्या वाड्याच्या विक्रीचीं बोलणीं चाललीं असतां, आम्हांस ब्रुसेल्सला जाण्याचा योग आला. तेथें १९०० सालीं निघालेला कांतियों हा बिअरचा लहानसा कारखाना आम्हीं पाहिला. संस्थापकांच्या नातजांवयानें तो पुढें चालविला व १९७८ सालीं तेथेंच संग्रहालयही उघडलें.

गहूं व जव यांचा रस जुन्या हॉप-फुलांसह उकळून माळ्यावरील उथळ तांब्याच्या भांड्यांत रात्रभर निवत ठेवतात. विरजण कोणी लावीत नाहीं. हवेंतील सूक्ष्म जीवच तें लावतात. म्हणून हें काम थंडींतच चालतें. पुढें रस लांकडी पिंपांत मुरतो.

कुतूहलानें आम्हीं दोन पेल्यांतून घोट घोट घेतला. एक, दोन व तीन वर्षांचा मुरलेला रस मिसळून केलेल्या ‘ग्यूझ’नें दांत आंबले; लिंबाची साल अन् जुन्या कोठीघराचा वास. गोडवा मुळींच नाहीं. आंबट चेरी घातलेली लाल ‘क्रीक’ आमसुलाच्या साराची आठवण देऊन गेली.

परतल्यावर हें आजीस सांगावें कीं दडवावें, असा पेंच पडला. अखेर सांगितलें. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, “म्हणजे विरजण त्या घराच्या हवेंतच आहे. घर सोडलें तर त्यांचें आंबेल कसें रे?”

त्या रात्रीं वाड्याचा विषय कोणीं काढला नाहीं.