मेस, गोंधळ आणि निस्तार

चंद्रपूर,
चैत्र शुद्ध त्रयोदशी

चि. भाच्यास,

‘इथल्या दप्तराची नुसती मेस झाली आहे’ हे धानोऱ्याहून आलेल्या तुझ्या पत्रातील वाक्य वाचून, उभा जन्म महसुली कचेरीत काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला प्रथम असेच वाटले की, दप्तरखान्यात पंगत बसू लागली. कारण वसतिगृहात असताना मेस लावणे आणि महिनाअखेर तिची बाकी चुकवणे यापलीकडे त्या शब्दाच्या वाटेला आपला मराठी माणूस कधी गेलाच नाही. गंमत अशी की, मूळ अर्थाशी इमान आपणच अधिक राखले. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा हा शब्द पानात वाढलेल्या पदार्थाचा वाचक होता. मग एकत्र जेवणाऱ्या मंडळीला तो लागला, आणि लष्करातली मेस ती हीच. पुढे जनावरांपुढे ओतायच्या कालवणाला तो चिकटला, आणि त्या कालवाकालवीतून एकोणिसाव्या शतकात अव्यवस्थेपर्यंत पोचला.

इंग्रजांना हसण्याचे मात्र कारण नाही. सध्या येथे महाकालीची यात्रा भरली आहे, मराठवाड्यातून आलेली माणसे झरपट नदीत स्नाने करीत आहेत, आणि रात्री कोठून तरी संबळ ऐकू येतो, तेव्हा मनात येते की, ज्या विधीत चौक भरण्यापासून दिवटी पाजळण्यापर्यंत सारे ठरलेले, ज्यात एकेका दैवताला त्याच्या गावाचे नाव घेऊन रीतसर आवतण द्यावयाचे आणि मगच आख्यान लावावयाचे, त्या गोंधळाइतके शिस्तीचे दुसरे काय आहे? शेजारच्या घरात झोपमोड झालेल्या कोणा गृहस्थानेच त्याला हा दुसरा, अव्यवस्थेचा अर्थ दिला असावा, असा माझा आपला वहीम आहे.

परंतु तुझ्या कामाचा शब्द तिसराच. ‘घोळ घातलास, आता तूच निस्तर’ असे तुझी आजी म्हणे. संस्कृतात निस्तार म्हणजे तरून पार जाणे. आणि आपल्या या झाडीमुलखात मात्र निस्तार म्हणजे गावकऱ्याची सरपण, इमारती लाकूड, चराई यांची वहिवाट. 1966 च्या जमीन महसूल संहितेत कलम 161 खाली निस्तारपत्रक आहे, आणि कलम 165 खाली वाट, पाणी, मासेमारी यांच्या वहिवाटी नोंदणारा, फारसी नावाचा वाजिब-उल-अर्ज आहे. तुला जो पसारा दिसतो त्यात हेच कागद असणार. तुझ्याच तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबू वाहतुकीच्या परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. अशा मुलखात जुना फाटका कागद रद्दीत घालण्यापूर्वी हात थरथरला पाहिजे.

तेव्हा नवी कपाटे येताच गठ्ठे उंचीप्रमाणे लावण्याची घाई करू नकोस. कोणता गठ्ठा कोणत्या साझ्याचा, हे तेथल्या जुन्या शिपायाला तोंडपाठ असेल. चार दिवस त्याच्याजवळ बस, मग सुतळी सोड.

तुझी मामी विचारते की, त्या तुझ्या मेसमध्ये दोन्ही वेळ भातच असतो, की कधी भाकरीही मिळते?

तुझा,
मामा