आईच्या नावाचा वंश

मला कुळवृत्तांत वाचण्याचा नाद आहे. कोण कोणाला दत्तक गेला, थोरल्या पातीचे वाडे धाकट्या पातीकडे कसे आले, हे वाचताना कादंबरीइतकी रंगत येते. आमच्या घरी या नादाला ‘परक्यांचे श्राद्ध घालणे’ म्हणतात! पण परके म्हणजे किती परके? सध्या मी जॉर्ज वॉशिंग्टनच्या घराण्यात मुक्काम ठोकला आहे.

याचा पणजोबा जॉन 1657 च्या सुमारास इंग्लंडहून व्हर्जिनियात आला, जमीनजुमला केला आणि तिथल्या मिलिशियात, म्हणजे वसाहतीच्या नागरी फौजेत, कर्नल झाला. जॉर्जचा थोरला सावत्र भाऊ लॉरेन्स याच फौजेचा ॲडज्युटंट. ॲडमिरल व्हर्नन या आपल्या जुन्या सेनापतीचे नाव त्याने घराला दिले: माउंट व्हर्नन. 1752 मध्ये तो वारला. त्याच्या जागेपैकी एक वाटा जॉर्जला मिळाला आणि एकविशी पुरी होण्याच्या आतच स्वारी मेजर झाली. इस्टेटीला मात्र थांबावे लागले. मृत्युपत्राप्रमाणे तिच्यावर विधवेचा हयातीपुरता आणि लॉरेन्सच्या मुलीचा हक्क आधी होता, आणि मागे मूल नसेल तरच जॉर्जचा. 1754 मध्ये मुलगी गेली. वहिनीने दुसरे लग्न केले होते. दिराने तिच्याकडूनच घर खंडाने घेतले आणि 1761 मध्ये ती वारल्यावर तो मालक झाला. आपल्याकडच्या भाऊबंदकीत मुरलेल्या वाचकाला यात काही नवे वाटणार नाही.

पुढे तो राष्ट्राध्यक्ष झाल्यावर लंडनच्या एका दरबारी वंशावळकाराने त्याला घराण्याची माहिती विचारली. 1792 मध्ये त्याने उत्तर धाडले की या विषयाकडे आपण फारच थोडे लक्ष दिले आहे. गंमत अशी की, याच गृहस्थाने 1799 मध्ये स्वहस्ते 317 माणसांची यादी केली आणि तीत नाव, वय, काम, नवरा कोण, बायको कोण, हे टिपून ठेवले. ती माणसे अर्थात त्याची नातलग नव्हती. ते माउंट व्हर्ननवरचे गुलाम होते. ज्यांच्यासाठी कुणी कुळवृत्तांत छापला नाही, त्यांच्या वंशजांना आज पूर्वज शोधायचे तर मालकाच्या या मालमत्तेच्या कागदावर यावे लागते.

त्या 317 पैकी 123 त्याचे स्वतःचे, 153 बायकोकडचे, उरलेले बहुतेक शेजाऱ्यांकडून भाड्याने आणलेले. बायको मार्था हिचा पहिला नवरा कस्टिस मृत्युपत्र न करता वारला होता. कायद्याने विधवेला तिसरा हिस्सा मिळाला, पण हयातीपुरताच. तिच्यामागे तो कस्टिसच्या वारसांचा. आपल्या मृत्युपत्रात वॉशिंग्टनने स्वतःच्या गुलामांना मार्थाच्या पश्चात मुक्ती लिहून दिली. आपल्या मरणाकडे डोळे लावून बसलेली माणसे घरात वावरताहेत, हे काही त्या बाईंना सोसवेना. त्यांनी 1 जानेवारी 1801 लाच सर्वांना मोकळे केले. त्या 153 जणांना मात्र कुणालाच सोडता येईना. दोन्हीकडच्या गुलामांची आपसात लग्ने झालेली. एक सुटला, दुसरा राहिला. 1802 मध्ये मार्था गेली आणि ते 153 चार नातवंडांत वाटले गेले. मुले कोणाकडे? जिकडे आई तिकडे. व्हर्जिनियाचा 1662 चा कायदाच तसा होता: मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरायचे. आपल्या कुळवृत्तांतांत लेक सासरी गेली की बहुधा तिची ओळ संपते. इथे आईचीच ओळ धरली होती, पण ती बेडीसारखी.

ओना जज हिचा बाप इंग्लंडहून कराराने आलेला गोरा शिंपी. आई बेटी मार्थाच्या हिश्श्यातली शिवणकाम करणारी दासी. म्हणून ओना दासी. 1796 मध्ये, वॉशिंग्टन पतिपत्नी फिलाडेल्फियात जेवायला बसली असताना, ती घराबाहेर पडली आणि जहाजाने न्यू हॅम्पशरला पोचली. वॉशिंग्टनने तिला परत आणण्याची खटपट केली, ती फुकट गेली. तिने एका स्वतंत्र खलाशाशी लग्न केले, तीन मुले झाली. बाप स्वतंत्र असूनही व्हर्जिनियाच्या कायद्याने ती मुले कस्टिसांच्याच इस्टेटीतली. नवरा गेला, दारिद्र्य आले. 1845 मध्ये एका वृत्तपत्राने तिला गाठले आणि विचारले, आलात याचा पस्तावा होतो का? ती नाही म्हणाली. 1848 मध्ये ती वारली, तेव्हाही तिच्या मुक्तीचा कागद कुणी लिहिलेला नव्हता.