बाड्यापर्यंतच तर जायचंय!

गेल्या गणपतीत पुण्याहून ग्वाल्हेरला घरी आलो होतो. ऐन आरतीच्या वेळी कापूर संपलेला. बाबांना मागे बसवून स्कूटर काढली. नई सडक ते महाराज बाडा, अंतर ते किती! मी सवयीने हेल्मेट घातलं तर बाबा हसले, "अरे, बाड्यावर चाललोय, दिल्लीला नाही."

सवय म्हणालो खरं, पण ती दंडाच्या भीतीने लागलेली. १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात हेल्मेटसक्ती कडक झाली, तेव्हा ऑफिसखालच्या टपरीवर सगळ्यात मोठ्या आवाजात विरोध करणारा मीच. डोकं माझं, फुटलं तर माझं फुटेल! (हेल्मेटसक्तीला आव्हान देणारं आंध्रातलं एक प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. या नियमाने फिरण्याच्या स्वातंत्र्यावर गदा येत नाही, असं न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितलं. हे मला फार उशिरा कळलं.)

परतताना पुढची ई-रिक्षा अचानक वळली. मी ब्रेक दाबला आणि स्कूटर घसरली. वेग जेमतेम पंधराचा. माझं नुसतं हेल्मेट खरचटलं. बाबांच्या कानामागून रक्त येत होतं.

स्कॅनमध्ये काही निघालं नाही, पण डॉक्टरांनी रात्रभर लक्ष ठेवायला सांगितलं. दर तासाला उठवून नाव विचारायचं. चौथ्या वेळी बाबा वैतागले, "बापाचं नाव विसरलास का रे?" आई हसली आणि लगेच रडायला लागली.

त्या जागरणात मी उगाच गणित मांडत बसलो. दीड मीटर उंचीवरून डोकं खाली आलं, तर ते ताशी जवळजवळ वीस किलोमीटरच्या वेगाने जमिनीवर आपटतं. गाडी उभी असली तरी. बीईच्या पहिल्या वर्षाचं गणित, पण टपरीवर कधी आठवलं नव्हतं. आणि डोकं माझं कुठे होतं? माझा होता तो ब्रेक.

सक्ती मला आजही आवडत नाही. हेल्मेटमध्ये मागचा हॉर्न नीट ऐकू येत नाही, ही बाबांची तक्रारही अगदीच खोटी नाही. आपल्या गल्ल्यांत निम्मी गाडी कानांनीच चालवावी लागते. तरी पुण्याला निघण्याआधी त्यांच्यासाठी चांगलं आयएसआय मार्कचं हेल्मेट आणलं. त्यांनी मुकाट्याने घालून पाहिलं. कायद्याप्रमाणे मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, असं मी ऐटीत सांगत होतो.

आई दारात उभी होती. म्हणाली, "रोज यांच्या मागे बसून बाजारात मी जाते. माझं कुठंय?"