वाघीसाठी सहा आठवडे

दादा,

आपला मेंढरांचा वाडा आता भोरच्या पुढे उतरलाय. एक-दोन मुक्काम झाले की वरंधा घाट उतरून महाडकडे जायचं. फोनवर वाघीचा विषय निघाला की आई रडायला लागते आणि मुद्द्याचं राहून जातं, म्हणून लिहून पाठवते.

आपल्या वाघी कुत्रीला कॅन्सर झालाय. शेपटीखालून रक्त ठिबकत होतं. माज तर दिवाळीआधीच होऊन गेलेला, त्यामुळे आईला लगेच शंका आली. तिला आडवी धरून पाहिलं तर आत फुलकोबीच्या तुऱ्यासारखी लालभडक गाठ, बोट लागलं की रक्त. बाबा आणि मी तिला शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात घेऊन गेलो. डॉक्टरांनी गाठीवर काच टेकवली, ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि निदान सांगितलं.

हा आजार कुत्र्यांचाच. जोडीच्या वेळी गाठीतल्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाऊन रुजतात. माणसाला होत नाही, मेंढरांना होत नाही. आणि दादा, वेळेत उपचार झाले तर बहुतेक कुत्री यातून पूर्ण बरी होतात. हे मी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.

औषध आहे व्हिन्क्रिस्टीन. सदाफुलीपासून काढतात ते, आपल्या गावच्या ओट्याशी फुलते तीच सदाफुली. आठवड्यातून एकदा शिरेतून द्यायचं, साधारण चार ते सहा वेळा. शिरेबाहेर गेलं तर मांस जळतं, म्हणून दवाखान्यातच द्यावं लागतं. दर वेळी आधी वजन करायचं, रक्त तपासायचं. पांढऱ्या पेशी फार उतरल्या असतील तर इंजेक्शन पुढे ढकलायचं.

इथंच आपलं अडतं. वाड्याला थांबता येत नाही. रानातला चारा संपला की घोड्यांवर बिऱ्हाड चढतं. कोकणात उतरल्यावर दर आठवड्याला घाट चढून शिरवळ गाठायचं कुणी? बाबा म्हणतात, मी मागे राहतो. मग मेंढरं कोण वळणार?

खर्चासाठी बाबांनी एक मेंढा विकायचा ठरवलाय. तपासण्या, सलाईन धरून कमी पडलं तर तू हातभार लाव. पण पैशाहून जास्त तुझी खोली हवी आहे. दवाखाना तुझ्या गावातच आहे. सहा आठवडे वाघीला ठेवून घे.

भावकीत कुणीतरी म्हणालं, कुत्रीसाठी एवढं कशाला? त्यांनी ती रात्र पाहिलेली नाही. गेल्या वर्षी परतीच्या वाटेवर माळावर लांडगे आले. बाकीची कुत्री भुंकत त्यांच्यामागे अंधारात गेली. वाघी जाळीच्या वाघरीपासून हलली नाही. कोकरांच्या अंगाला मान खाली घालून उभी राहिली, तोंडातून आवाज नाही. दुसरा लांडगा त्याच बाजूनं आला आणि तिला पाहून मागे फिरला. बाबा काठी घेऊन पोचेपर्यंत सगळं झालं होतं. एकही कोकरू गेलं नाही.

आता तिची काळजी. साखळी तिला ठाऊक नाही. पहिल्या रात्री ओरडेल, म्हणून बाबांची जुनी घोंगडी सोबत देते, तिच्यावर झोपेल. भाकरी दुधात कुस्करून द्यायची. औषधानंतर भूक मंदावेल, एखाद वेळी उलटी होईल. अंगात ताप वाटला किंवा दिवसभर पडून राहिली तर मात्र लगेच दवाखान्यात ने. इंजेक्शननंतर थोडे दिवस तिची घाण हातमोजे घालूनच उचलायची, लघवीची जागा भरपूर पाण्यानं धुवायची आणि बाळाला तिकडे फिरकू द्यायचं नाही. वहिनीला या कामाला हात लावू देऊ नकोस, तिला दिवस गेलेत. गल्लीतली कुत्री जवळ येऊ द्यायची नाहीत, नाहीतर त्यांनाही लागण होईल. घरमालकांना हे सगळं मी स्वतः समजावून सांगेन.

बुधवारी सकाळी एक रिकामा टेम्पो शिरवळकडे जाणार आहे. त्यात वाघीला घेऊन येते आणि पहिलं इंजेक्शन होईपर्यंत थांबते. वहिनीशी बोलून मंगळवारी रात्रीपर्यंत कळव. जमणार नसेल तर तसंही सरळ सांग, म्हणजे बाबांना मागे ठेवून मेंढरं वळायला मामांना बोलावता येईल. घाटात शिरल्यावर फोन लागणार नाही.

तुझी धाकटी