ताटाबाहेरचे

आमच्या घरात ‘हिशेब’ हा शब्द दोन ठिकाणी कानावर पडायचा. अब्बांच्या दुकानातल्या लाल वहीत उधारीचा हिशेब असे आणि मौलवीसाहेबांच्या बयानात कयामतच्या दिवसाचा. खाल्लेल्या घासांचा हिशेब मात्र कोणी ठेवत नसे. दस्तरखानावर बसलेल्याच्या भाकऱ्या मोजू नयेत, असे अम्मी बजावायची. घास मोजणे हे कोत्या मनाचे लक्षण समजले जाई. त्यामुळे माझी साखर वाढल्यावर डॉक्टरांनी जेव्हा सांगितले की, ‘महिनाभर जे खाल आणि जितके चालाल ते सगळे लिहून आणा,’ तेव्हा हे काम सोपे असले तरी आमच्या रीतीच्या उलटे आहे, हे लगेच लक्षात आले.

शंभर पानी वही आणली. वेळ, पदार्थ, किती, चालणे आणि साखर असे पाच रकाने डॉक्टरांनी सांगितले होते. सहावा मी माझ्या मनाने आखला आणि वर लिहिले, ‘ताटाबाहेरचे’.

हा रकाना आखावासा वाटला तो अम्मीमुळे. अब्बांचे पितळी ताट मला आठवते, भावांच्या कडेला चेपलेल्या थाळ्या आठवतात. अम्मीचे ताट मला आठवत नाही, कारण ते नव्हतेच. सगळ्यांना वाढून झाले की ती पातेल्यातच उरलेला भात कालवायची. मुलांनी टाकलेला भाकरीचा तुकडा, तळाची खरवड, मीठ बघताना घेतलेले दोन चमचे सालन, पाहुण्याच्या कपात राहिलेला चहा, हे तिचे जेवण. तिलाही मधुमेह होता. डॉक्टरांनी खाण्याचे विचारले की ती म्हणायची, “मैं कहाँ कुछ खाती साब?” ती खोटे बोलत नव्हती. ताट वाढून घेऊन जेवायला बसली, असे तिच्या दिवसात कधी घडतच नव्हते. 2003 साली पायाच्या जखमेने तिचे पाऊल गेले, 2005 साली ती गेली. काही न खाता साखर वाढते कशी, हे कोडे तिला शेवटपर्यंत सुटले नाही.

असे फक्त आमच्याच घरात होते असे नाही. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी 1992 साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘आम्ही कमी खातो, तरी वजन उतरत नाही’ असे म्हणणाऱ्या माणसांना त्यांनी खाणे आणि हालचाल लिहायला लावली आणि शरीरात खर्च होणारी शक्ती स्वतंत्रपणे मोजली. लिहिलेले खाणे प्रत्यक्षापेक्षा 47 टक्क्यांनी कमी निघाले आणि लिहिलेली हालचाल 51 टक्क्यांनी जास्त. त्याच्याही आधी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, इटलीतला सँक्टोरियस नावाचा वैद्य तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून वर्षानुवर्षे स्वतःचे वजन, अन्नाचे वजन आणि शरीरातून बाहेर पडणाऱ्याचे वजन मोजत होता. 1614 साली त्याने त्यावर पुस्तक लिहिले. शरीरातून बरेच काही न दिसता बाहेर जाते, असे त्याच्या तराजूने दाखवले. आमच्या स्वयंपाकघरात बरेच काही न दिसता आत जाते, एवढाच फरक.

पहिल्या आठवड्यात मी काहीही बदलले नाही. फक्त लिहिले. स्वयंपाकघरातला छोटा काटा काढून पीठ तोलले. माझ्या एका भाकरीला साठ ग्रॅम ज्वारीचे पीठ लागते, म्हणजे साधारण 200 कॅलरी. तेलाच्या छोट्या चमच्यात चाळीस. साखरेच्या सपाट चमच्यात वीस. मग चहाचे गणित मांडले. दिवसाला सहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे 240. ज्या भाकरीवरून घरात ‘एकच खा, अर्धीच खा’ अशी चर्चा चालायची, तिच्यापेक्षा जास्त हे चहातून जात होते. त्यातले तीन कप आल्यागेल्याबरोबर घेतलेले. पाहुण्याला एकट्याने चहा पिऊ देणे आमच्याकडे बरे दिसत नाही. आता मी माझ्या कपात साखर घालत नाही. पाहुण्याच्या कपात ती पूर्वीइतकीच असते.

दुसरी गोष्ट महिनाभराची पाने शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसली. सकाळची उपाशीपोटीची साखर काही दिवशी 130च्या आसपास होती आणि काही दिवशी 180च्या वर. पदार्थ जवळपास तेच. मग वेळेचा रकाना पाहिला. थोरला कामावरून उशिरा यायचा, त्या रात्री माझे जेवण अकरानंतर झालेले होते. त्याला वाढून, उरलेले संपवून, तशीच झोपायला. ‘ताटाबाहेरचे’ हा रकानाही नेमका त्याच रात्री भरलेला. अन्न टाकणे गुनाह, म्हणून बाईने ते पोटात टाकायचे!

त्या दिवसापासून मी रात्री आठला माझे ताट वाढून घेते. थोरल्याचे झाकून ठेवते. हे लिहायला एक ओळ लागते. घरात रुजायला दोन महिने लागले. नवऱ्याला, मुलांना आधी ते विचित्र वाटले. सासूबाई म्हणाल्या, “मर्दां खाने के पैले बैठ गई?” मी त्यांना वही दाखवली. त्यांना वाचता येत नाही, पण आकडे ओळखता येतात. लाल शाईतले आकडे कुठल्या रात्रींचे, ते मी बोटाने दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत. पुढे एक दिवस त्यांनीच हाक मारली, “आठ बज गए गे, थाली ले.”

चालण्याच्या रकान्याचे मी दोन भाग केले, कामाचे आणि बिनकामाचे. दिवसभर उभी असल्याने मला वाटे की आपले चालणे भरपूर होते. मुलाने फोनमध्ये पावले मोजण्याची सोय करून दिली. दिवसाला 2,800! थकणे आणि चालणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बिनकामाचा रकाना तर कोराच. मोहल्ल्यातल्या बाईला बाजार, दवाखाना, शाळा, मयत यासाठी घराबाहेर पडता येते. नुसते चालायला निघाली की चार उंबऱ्यांवरून प्रश्न येतो, “कहाँ निकली?” मी फजरनंतर निघायला लागले, सोलापूरच्या उन्हात मे महिन्यात तीच एक वेळ. किल्ल्याच्या बागेत दोन फेऱ्या. आता आम्ही पाचजणी असतो, तिघी बुरख्यात. रोज दहा हजार पावले झालीच पाहिजेत, असा माझा हट्ट नाही. तो आकडा 1965 साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. वयस्क स्त्रियांवरच्या 2019 सालच्या एका मोठ्या अभ्यासात साडेसात हजारांच्या पुढे जास्तीचा फायदा दिसला नाही. मी सहा हजारांवर समाधानी आहे. त्यातली पंधरा मिनिटे रात्रीच्या जेवणानंतर, गच्चीवर; चालणारे स्नायू रक्तातली साखर वापरतात, हे दोन तासांनंतरच्या आकड्यात दिसते. नमाज हाही व्यायाम आहे, तो लिहीत जा, असे एकीने सुचवले. सतरा फर्ज रकाती मी या वहीत लिहीत नाही. त्यांची वही माझ्याकडे नाही.

आमच्या परंपरेत मुहासबा नावाची गोष्ट आहे, म्हणजे स्वतःच स्वतःचा हिशेब घेणे. नवव्या शतकात बगदादला राहिलेले सूफी हारिस अल-मुहासिबी यांना तर त्यावरूनच नाव पडले. वही लिहिताना मला त्याचा व्यवहारातला अर्थ उमगला. हा हिशेब स्वतःला दोषी ठरवण्यासाठी ठेवायचा नसतो. उद्या काय करायचे ते आज कळावे म्हणून ठेवायचा असतो.

त्याची परीक्षा 2024च्या रमजानमध्ये झाली. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या तेरा देशांतल्या पाहणीत, माझ्यासारख्या प्रौढपणी मधुमेह झालेल्या लोकांत रमजानमध्ये साखर धोकादायक उतरण्याचे प्रमाण साडेसात पट वाढलेले दिसले होते. म्हणून दोन महिने आधी वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गोळ्यांची वेळ आणि मात्रा बदलून दिली आणि सांगितले, साखर 70च्या खाली किंवा 300च्या वर गेली की रोजा सोडायचा. बोटातून रक्ताचा थेंब काढल्याने रोजा तुटत नाही, असे मधुमेह आणि रमजान यांवरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतही स्पष्ट म्हटले आहे. अकराव्या रोज्याला दुपारी सव्वाचार वाजता हात थरथरायला लागले. 64. इफ्तारला दोन तासांहून जास्त वेळ होता. मी साखर-पाणी प्याले आणि लिहिले, “64. रोजा सोडला.”

घरात कुजबुज झाली. सूरह बकराच्या 184 आणि 185 या आयतींत आजाऱ्याला सवलत दिली आहे, ती सगळ्यांना पाठ आहे. पण ती आपल्या घरच्या बाईने घ्यावी, हे पचायला जड जाते. अम्मीने ती कधीच घेतली नाही. मी तीसपैकी चोवीस रोजे ठेवले. उरलेले सहा डिसेंबरमध्ये, दिवस लहान असतात तेव्हा, डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड पूर्ण केले. तेही वहीत आहेत.

तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा 8.4 वरून 7.1 वर आला आहे. वही चौथी चालू आहे. गेल्या महिन्यात सूनबाईने विचारले, मीही लिहू का? तिला मधुमेह नाही. तिला म्हटले, लिही. पण पहिले सहा दिवस फक्त शेवटचा रकाना लिही. तिच्या पहिल्या पानावर आठ नोंदी होत्या. त्या रात्री आठ वाजता मी दोन ताटे काढली.