आमच्या घरातली ‘लाईन’

आम्ही ग्वाल्हेरचे, लष्कर भागातले. चार पिढ्या इथेच गेल्या. मराठीत रेघ, ओळ, रांग, तार, मार्ग, पेशा असे वेगवेगळे शब्द आहेत, पण आमच्याकडे या सगळ्यांचं काम एकटी ‘लाईन’ करते. रेशनच्या दुकानात आम्ही ‘लाईनीत लागतो’. (पुण्याची मावशी म्हणते, “अगं, रांगेत उभे राहतात, लागतात काय!”) दहावीनंतर मुलाने कुठली लाईन घ्यावी यावर घरात वाद होतात. एक पोरगा लाईनीवर येतो, तोवर दुसरा कोपऱ्यावर लाईन मारत असतो. हिंदी पेपरात ठाणेदार ‘लाईन हाजिर’ झाल्याची बातमी वाचून मावशीला वाटलं, बिचाऱ्याला रांगेत उभं केलं. ठाण्यावरून काढून पोलीस लाईनीत बसवलं, हे समजावून सांगावं लागलं.

पण ग्वाल्हेरकरांची खरी लाईन म्हणजे ‘छोटी लाईन’. शिंद्यांच्या राज्यात घातलेली, दोन फूट रुंदीची, श्योपूरपर्यंत सुमारे २०० किलोमीटर. २०२० मध्ये ती बंद झाली. आजोबा त्या लाईनीवर स्टेशन मास्तर होते. एकेरी रुळांवर पुढच्या स्टेशनाने ‘लाईन क्लिअर’ दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा नियम. तसाच एक नियम घरातही होता: थोरलीचं लग्न झाल्याशिवाय धाकटीचं नाही.

थोरली म्हणजे माझी आत्या. पत्रिका जायच्या, परत यायच्या. मग धाकटीला झाशीहून चांगलं स्थळ आलं. आजोबा नकार कळवायला बसले, तेवढ्यात आत्या म्हणाली, “नाना, गाडी सोडा. माझ्याकडून लाईन क्लिअर.”

धाकटीचं लग्न झालं, मग दोन्ही काकांची झाली. आत्या शाळेत शिकवत राहिली.

आज न्हाणीघर रिकामं आहे का, हे विचारतानाही आम्ही ‘लाईन क्लिअर?’ म्हणतो नि हसतो. आत्या तेव्हा हसतच बोलली होती, असं सगळे सांगतात. आजीने मात्र मला एकदा सांगितलं, त्या रात्री ती उशिरापर्यंत भांडी घासत होती. घासलेलीच, पुन्हा पुन्हा.

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. गेल्या दिवाळीत माझ्या सुनेने सहज विचारलं, “हा शब्द आपल्या घरात आला कुठून?” आत्याने स्वतःच सगळं सांगितलं, भांड्यांसकट. इतक्या वर्षांत तिला कुणी विचारलंच नव्हतं.

तुमच्याही घरात असा एखादा शब्द असेल. तो जिच्याकडून आला ती व्यक्ती आहे तोवर विचारून घ्या.